पारी/जीपी : एका सतरा अंकी संख्येला विचारलेले प्रश्न

मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म सांगणाऱ्या साधनाची पारख करायची झाल्यास त्याला अशी संख्या द्यावी, जिच्याविषयीच्या काही गोष्टी आपल्याला कागद-पेन्सिलीने पडताळून पाहता येतात आणि काही गोष्टींचा आपल्याला मुळीच अंदाज नसतो. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांनी साधनाचा खरेपणा कळतो, दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांनी त्याची उपयुक्तता. पारी/जीपी या विनामूल्य गणनप्रणालीचे हे परीक्षण मी मुख्यतः १२३४५६७८९८७६५४३२१ या एकाच संख्येच्या आधारे केले आहे. ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, सारखीच आहे. आणि ती १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. एकांच्या अशा वर्गांना द. रा. कापरेकरांनी डेम्लो संख्या असे नाव दिले होते. १, १२१, १२३२१ अशी चढत जाणारी ही मालिका नऊ एकांपाशी आपल्या सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. तेथे मधल्या अंकांत हातचा शिरतो आणि सममिती मोडते.

पारी/जीपीकडे वळण्याआधी मी ही संख्या इतर काही साधनांना दिली होती आणि तो अनुभव येथे सांगणे आवश्यक वाटते, कारण त्यातूनच या परीक्षणाचा निकष ठरला. साध्या गणकयंत्राने ती पूर्ण दाखवलीच नाही, दशांश चिन्हासह दहाच्या घातात मांडली. एका तक्तेपत्रकाने पहिले पंधरा अंक ठेवले आणि उरलेल्या दोन अंकांच्या जागी शून्ये भरली. सर्वांत जास्त खेद मात्र संख्यांचे गुणधर्म सांगण्यासाठीच चालवल्या जाणाऱ्या एका सेवेने दिला. तिने ही संख्या सम असल्याचे सांगितले, ती १६ ने आणि ५ ने भागली जाते असेही सांगितले, आणि विभाजकांत ११, ७३, १०१ व १३७ यांची नावे दिली. ज्या संख्येच्या शेवटी ठळकपणे १ लिहिलेला आहे, तिला सम म्हणणारे उत्तर पाहून मी बराच वेळ आपलेच काही चुकले का हे तपासत बसलो.

चूक कोठे झाली हे नंतर उलगडले. बहुतेक साधने संख्या ज्या रूपात साठवतात त्यात पूर्णांक नेमकेपणाने धरण्याची मर्यादा २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत असते. त्यापुढे पुढच्या दुप्पट मर्यादेपर्यंत फक्त सम पूर्णांक साठवता येतात. आपली संख्या नेमकी त्याच पट्ट्यात येते आणि ती विषम आहे. त्यामुळे तिला शेजारच्या सम संख्येत ढकलले जाते आणि १२३४५६७८९८७६५४३२० उरते. त्या सेवेने सांगितलेले गुणधर्म या शेजारणीचे होते, आणि तिच्यापुरते ते अगदी बरोबर होते : ती शेजारीण म्हणजे ११११११११० गुणिले ११११११११२ आहे, कारण वर्गातून १ वजा केला की वर्गमूळाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्यांचा गुणाकार मिळतो. एका अंकाच्या फरकाने पूर्ण वर्ग नाहीसा झाला, ३ आणि ३७ हे अवयव गेले, आणि सगळी वंशावळ बदलली. पूर्णांकांच्या जगात जवळपास बरोबर असे काही नसते. म्हणून शेवटचा अंक न गमावणे हा माझा पहिला निकष ठरला.

पारी/जीपी या निकषाला पूर्ण उतरते. येथे पूर्णांक नेमका राहतो आणि त्याच्या लांबीला केवळ संगणकाच्या स्मृतीची मर्यादा असते. या प्रणालीमागे मोठी परंपरा आहे. १९७९ साली आन्री कोएन आणि फ्रांस्वा ड्रेस यांनी बोर्दो येथील विद्यापीठात उच्च अंकगणितासाठी इझाबेल नावाची प्रणाली लिहिली. पुढे १९८५ च्या सुमारास कोएन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने पारीचे काम सुरू केले, आणि आता करीम बेलाबास व अनेक स्वयंसेवक तिची देखभाल करतात. पारी या नावात पास्कल या संगणकभाषेतील अंकगणित असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात ती सी भाषेत लिहिली गेली, पण नाव राहिले, आणि फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थ पैज असा असल्याने तत्त्वज्ञ पास्कलच्या प्रसिद्ध पैजेचीही त्यातून आठवण होते. पारी हा गणनाचा मूळ संग्रह आहे आणि जीपी ही त्याच्याशी बोलण्याची खिडकी. आज्ञा लिहायची, उत्तर वाचायचे, आणि त्या उत्तरावरच पुढची आज्ञा चालवायची. मागचे उत्तर टक्क्याच्या चिन्हाने बोलावता येते, ही छोटीशी सोय दिवसभराच्या कामात किती मोलाची ठरते हे वापरल्याशिवाय कळत नाही. संगणकावर बसवायची नसेल तर ती ब्राउझरमध्येही चालते.

माझी पहिली आज्ञा फॅक्टर ही होती. उत्तर दोन स्तंभांत आले : डावीकडे ३, ३७ आणि ३३३६६७, उजवीकडे ४, २ आणि २. म्हणजे ही संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार आहे. हे हाताने पडताळता येते. नऊ एकांना ९ ने भागले की १२३४५६७९ मिळते, ज्यात ८ हा अंक गाळला गेल्याचे पाहून अनेकांना लहानपणी गंमत वाटलेली असते; आणि ३३३६६७ ला ३७ ने गुणले की तीच १२३४५६७९ परत मिळते. उजव्या स्तंभातील सर्व घातांक सम असल्याने संख्या पूर्ण वर्ग असल्याचे वेगळे विचारावेही लागत नाही. उत्तराच्या मांडणीतच रचना दिसावी, ही अपेक्षा येथे पूर्ण होते.

विभाजकांविषयीची उत्तरे या विघटनातून थेट निघतात आणि जीपी ती क्षणात देते. विभाजक ४५ आहेत. प्रत्येक घातांकात १ मिळवून ५, ३ आणि ३ यांचा गुणाकार केला की हाच आकडा येतो, आणि पूर्ण वर्गाला शोभेल असा तो विषम आहे. सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ येते. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, जे मूळ संख्येच्या निम्म्याहून थोडे अधिक आहेत. ती बेरीज संख्येहून कमी असल्याने ही न्यून संख्या ठरते. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या ८००७९८३९९१९९२०१६ आहेत. अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने संख्येला निःशेष भाग जातो, त्यामुळे कापरेकरांच्याच परिभाषेत ती हर्षद संख्याही आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग असतो. संख्येचे शेवटचे नऊ अंक बाजूला काढून उरलेल्या भागात मिळवले, म्हणजे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर नऊ वेळा ९ येतात. हे शेवटचे मी आज्ञा देण्याआधी मनातच केले होते आणि जीपीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

इथपर्यंतचे काम गुणधर्मांची यादी देणारी कोणतीही चांगली सेवा करू शकली असती. यादीची अडचण अशी की ती सर्व संख्यांसाठी एकाच साच्याची असते, आणि प्रत्येक संख्येची खरी ओळख त्या साच्याबाहेरच्या प्रश्नांत असते. जीपीमध्ये पुढचा प्रश्न आपण ठरवतो. उदाहरणार्थ, ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येईल? तीन मूळ अवयवांपैकी ४ ने भागल्यावर १ बाकी देणारा एकटा ३७ आहे. ३ आणि ३३३६६७ या दोघांची बाकी ३ येते. दोन वर्गांच्या बेरजेत अशा ३ बाकीच्या मूळ संख्यांचा काहीच उपयोग होत नाही, त्या केवळ गुणक म्हणून बाहेर राहतात, आणि सगळा भार ३७ वर येतो. ३७ चा वर्ग १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग इतका असतो. नऊ एकांना ३७ ने भागले की ३००३००३ मिळते, म्हणून १२ आणि ३५ या दोघांना ३००३००३ ने गुणायचे. जीपीने जी जोडी दाखवली ती ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ अशी होती. त्यांच्या वर्गांची बेरीज बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ होते. नऊ एक हा ज्याचा कर्ण आहे असा पूर्णांकी बाजूंचा काटकोन त्रिकोण हा एकच आहे, आणि त्याच्या दोन्ही लहान बाजूंचे अंकही तीन-तीनच्या तालात येतात. हे मी याआधी कोठेही वाचलेले नव्हते. अवघड असे त्यात काही नाही, तरीही संध्याकाळभर तो त्रिकोण माझ्या डोळ्यांसमोर होता.

या प्रणालीविषयी माझे मत ज्या प्रश्नाने कायमचे बनले, तो प्रश्न आवर्ती दशांशाचा आहे. संख्येने १ ला भागले तर येणारा अपूर्णांक किती अंकांनंतर स्वतःची पुनरावृत्ती करू लागतो, हे झेडएनऑर्डर या आज्ञेने विचारता येते : १० च्या कितव्या घाताला या संख्येने भागले की बाकी पुन्हा १ उरते, असा त्या प्रश्नाचा गणिती अर्थ. उत्तर डोळ्याचे पाते लवण्याआधी आले, आणि ते १११११११११ होते. मी आज्ञा पुन्हा लिहून पाहिली, कारण मला वाटले की चुकून वर्गमूळच विचारले गेले. उत्तर तेच राहिले. म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ च्या व्यस्ताचे आवर्त तिच्या वर्गमूळाइतकेच, अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा अंकांचे आहे.

कारण शोधताना पुन्हा जीपीचीच मदत झाली. १ भागिले ही संख्या, एवढेच लिहिले तर उत्तर अपूर्णांकाच्याच रूपात राहते; १ च्या पुढे दशांश चिन्ह दिले तर प्रणाली तिच्या नेहमीच्या ३८ सार्थ अंकांच्या अचूकतेने उत्तर देते, आणि त्या अंकांचे नऊ-नऊचे गट पाडले की ०००००००८१ नंतर ००००००१६२, मग ००००००२४३, ००००००३२४ आणि ००००००४०५ असे गट दिसतात. हा ८१ चा पाढा आहे! नऊ एकांनी १ ला भागले की नऊ-नऊ अंकांच्या प्रत्येक गटात ९ येतो. त्या मालिकेला तिनेच गुणले की ८१ एकदा, दोनदा, तीनदा, चारदा असा पाढा गटागटाने उलगडत जातो. अडतीस अंकांत पाचव्या पटीपर्यंतच दिसते, पण अचूकता एका आज्ञेने हवी तेवढी वाढवता येते आणि पाढा पुढे चालूच राहतो.

मग तो थांबतो कोठे? ८१ ला १२३४५६७९ ने गुणले की नेमके नऊ वेळा ९ येतात, म्हणजे गट काठोकाठ भरतो. त्याच्या पुढच्या गटातून १ हातचा येतो, भरलेला गट ओसंडून शून्य होतो, आणि तो हातचा आणखी एक पायरी मागे जाऊन ९९९९९९९१८ च्या जागी ९९९९९९९१९ करतो. त्यानंतर सर्व शून्यांचा गट, मग पुन्हा ८१. गट एकंदर १२३४५६७९ आणि प्रत्येकात नऊ अंक, म्हणून आवर्त १११११११११ अंकांचे. शाळेत १ भागिले ८१ करताना ०.०१२३४५६७९ असे येते आणि ८ गळालेला दिसतो. तेथेही शेवटच्या हातच्यानेच ८ चा ९ केलेला असतो. लहान उदाहरणात जे एका अंकावर घडते तेच येथे नऊ अंकांच्या गटावर घडले आहे. कोट्यवधी अंकांच्या त्या रांगेत शेवटून दुसऱ्या गटापर्यंत पाढा अखंड चालतो आणि केवळ शेवटच्या पायरीवर १ ची भर पडते, हे समजल्यावर मला झालेला आनंद शब्दांत नीट मांडता येत नाही.

याच वाटेने तिन्ही मूळ अवयवांचे एक वैशिष्ट्यही हाती लागले. १ भागिले ३ चे आवर्त एका अंकाचे, १ भागिले ३७ चे ०२७ असे तीन अंकांचे, आणि १ भागिले ३३३६६७ चे ०००००२९९७ असे नऊ अंकांचे असते. एक अंकी आवर्त असलेली मूळ संख्या ३ सोडून दुसरी नाही, तीन अंकी आवर्ताची ३७ सोडून दुसरी नाही, आणि नऊ अंकी आवर्ताची ३३३६६७ सोडून दुसरी नाही. कारण नऊ वेळा ९ लिहून होणाऱ्या संख्येचे मूळ अवयव एवढे तीनच आहेत. आपल्या सतरा अंकी संख्येच्या घरात केवळ अशा एकमेवाद्वितीय मूळ संख्या राहतात.

आता उणिवांविषयी. जीपी नवख्याला हात धरून चालवत नाही. पडद्यावर आवृत्तीची थोडी माहिती आणि एक प्रश्नचिन्ह, एवढेच स्वागत. फलनांची नावे संक्षिप्त आहेत आणि ती पाठ होईपर्यंत मदतपुस्तिका उघडी ठेवावी लागते. ही पुस्तिका उत्तम आहे. एक प्रश्नचिन्ह आणि फलनाचे नाव लिहिले की थोडक्यात माहिती मिळते, दोन प्रश्नचिन्हे लिहिली की सविस्तर. परंतु ती गणित जाणणाऱ्यासाठी लिहिलेली आहे, आणि ज्याला आवर्ती दशांश ठाऊक आहे पण त्याचा घातांशी असलेला संबंध ठाऊक नाही, अशा वाचकाला झेडएनऑर्डर हे दार सापडणार कसे, याचे उत्तर तिच्यात नाही. मोठ्या गणनेत राखून ठेवलेली स्मृती संपली की येणारी सूचनाही तांत्रिक भाषेत असते. स्मृती वाढवण्याची आज्ञा सोपी आहे, पण ती आधी माहीत असावी लागते. चित्रे, रंग, तक्ते यांची हौस असणाऱ्याने येथे येऊ नये.

एक बारकावा अधिक गंभीर आहे आणि तो प्रत्येक वापरकर्त्याने लक्षात ठेवावा. फॅक्टर आज्ञेच्या उत्तरात येणारे अवयव मूळ असल्याचे सिद्ध करून दिलेले असतातच असे नाही. वेगळे काही सांगितले नसेल तर त्यांची फक्त बेली, पॉमरन्स, सेलफ्रिज आणि वॅगस्टाफ यांच्या नावे ओळखली जाणारी चाचणी घेतली जाते. ही चाचणी फसल्याचे एकही उदाहरण आजवर सापडलेले नाही, आणि २ च्या ६४ व्या घातापर्यंत ती कोठेही फसत नाही हे तपासले गेले आहे. त्यामुळे आपली संख्या आणि तिचे अवयव पूर्णपणे सुरक्षित आहेत. त्याहून मोठ्या अवयवांसाठी मात्र संख्या मूळ असल्याचे सिद्ध करणारी आयएसप्राइम ही आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी किंवा सिद्धतेची मांडणी आधीच चालू करून ठेवावी. मदतपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते, तरीही उत्तराच्या शेजारीच तसा निर्देश दिसला असता तर अधिक बरे झाले असते.

विघटनाच्या मर्यादेविषयी अवास्तव अपेक्षा ठेवू नये. जीपी लहान मूळ संख्यांनी भागून पाहण्यापासून सुरुवात करते, मग पोलार्डची ऱ्हो पद्धत, इलिप्टिक कर्व्हची पद्धत आणि शेवटी वर्गांची चाळणी अशी एकेक हत्यारे उचलते. साठ-सत्तर अंकी संख्येसाठी हे पुरेसे आहे. शंभर अंकांच्या आसपास, अवयव मोठे असतील तर, धीर धरावा लागतो. २०२० साली विघटित झालेली २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या वेगळ्या पद्धतीने आणि हजारो गणकवर्षांच्या खर्चाने सुटली. तसले काम या प्रणालीकडून करून घेण्याचा विचारही करू नये. मूळ आहे की नाही एवढेच ठरवायचे असेल तर मजल खूप पुढे जाते. ३१७ एकांची संख्या मूळ आहे, आणि जीपी ते सिद्धतेसह सांगते. १०३१ एकांची संख्याही मूळ आहे, पण तिच्या पूर्ण सिद्धतेसाठी संगणक दीर्घकाळ कामाला लावावा लागतो.

ज्याला एखाद्या संख्येची फक्त जुजबी ओळख हवी आहे, त्याच्यासाठी पारी/जीपी शिकण्याचे कष्ट कदाचित जास्त ठरतील. ज्याला एका उत्तरातून दुसरा प्रश्न सुचतो, आणि तो प्रश्न विचारल्याशिवाय झोप येत नाही, त्याच्यासाठी मला याहून योग्य साधन माहीत नाही. विद्यार्थ्यांना ते द्यावे असे मी आग्रहाने म्हणेन, मात्र आज्ञांची यादी हातात ठेवून नव्हे, तर एखादी संख्या हातात ठेवून.

परीक्षणाच्या शेवटच्या दिवशी मी आवर्ताचाच धागा पुढे नेला. आवर्त वर्गमूळाइतके असणे हा नऊ एकांचा खास गुण आहे की एकांच्या प्रत्येक वर्गाचा? एका ओळीची आज्ञा लिहून मी एक ते वीस एकांपर्यंतच्या सर्व वर्गांची आवर्ते काढली आणि त्यांची वर्गमूळांशी तुलना केली. दहा एकांच्या वर्गाचे आवर्त वर्गमूळाच्या दहापट निघाले. बरोबरी फक्त तीन ठिकाणी झाली : १, ३ आणि ९ एकांपाशी. तीन एकांचा वर्ग १२३२१, आणि त्याच्या व्यस्ताचे आवर्त खरोखरच १११ अंकांचे. १, ३, ९ हा क्रम पाहून पुढचा थांबा २७ असणार अशी माझी खात्रीच झाली होती. सत्तावीस एकांचा वर्ग देऊन मी तीच आज्ञा चालवली, तेव्हा पडद्यावर सत्तावीस वेळा ३ उमटले. आवर्त वर्गमूळाच्या तिप्पट होते. मग कागद घेतला आणि सूत्र मांडले : एकांची संख्या जेवढी, तिला तिच्या आणि ९ च्या मसाविने भागायचे, आणि येणाऱ्या भागाकाराने वर्गमूळाला गुणायचे, की आवर्त मिळते. तो मसावि ९ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण दशमान पद्धतीत १० मधून १ वजा केला की उरतात ते ९. म्हणून २७ ला ९ ने भागून ३ उरतात, आणि बरोबरीची यादी १, ३, ९ येथेच संपते.